वॉर्ड पेटी
वॉर्ड पेटी : दिवाणखान्यात वनस्पती वाढविण्याची, जवळजवळ बंद अशी काचेची पेटी. हल्लीचे टेरॅरियम हे तिचेच सुटसुटीत रूप होय. लंडनमधील वैद्य नाथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) यांच्या बागेतील नेचे दगडी कोळशाच्या धुरामुळे जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली झाकली. पतंगापेक्षा लक्षवेधी ठरले ते त्या मातीत आपोआप उगवलेले गवत व नेचा. दिवसा माती व पानांतील ओलावा बाष्परूपाने वर जाई, काचेवर त्याचे थेंब बनत व पुन्हा मातीत उतरत. वरून पाणी न घालता ही रोपे सु. चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरल्याने ती मेली. पेटी पूर्णपणे हवाबंदच हवी, हा समज चुकीचा आहे; पुरेसा प्रकाश मात्र अत्यावश्यक असतो. वॉर्ड यांचा या विषयावरील ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधील चहाची रोपे भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत नक्षीदार पेट्यांची टूम निघाली. तथापि या हौसेपायी रानातील नेचे बेसुमार उपटले गेले व किलार्नी नेचा ब्रिटिश बेटांत अतिशय दुर्मिळ झाला.