समोरच्याचा विमा नसेल तर

सिग्नलला तुमची गाडी उभी आहे. मागून एक जुनी मोटार येते, तिचा ब्रेक उशिरा लागतो आणि तुमची डिकी आत जाते. धक्क्यानं तुमची गाडी पुढच्या टेम्पोला जाऊन टेकते. खाली उतरता तर मागच्या गाडीचा चालक हात जोडून सांगतो, "दादा, गाडी मित्राची आहे. इन्शुरन्स मागच्या वर्षीच संपलाय. आपण इथंच मिटवून टाकू." देशात निम्म्याच्या आसपास वाहनांचा विमा चालू नसतो, असं सरकारी माहितीच सांगते. त्यात दुचाकी जास्त असल्या तरी मोटारी आणि टेम्पोही कमी नाहीत. म्हणून अशा वेळी नेमकं काय करायचं, हे प्रत्येक गाडीवाल्याला आधीच ठाऊक असायला हवं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणता येत नाही. हा विमा गाडीवाल्याला स्वतःसाठी काही देत नाही. त्याच्या चुकीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल, ते त्याच्या वतीनं कंपनी भरते. खासगी मोटारीच्या बाबतीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत त्यातून निघतं. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला तर मर्यादाच नाही. विमा नसला म्हणून चालक-मालकाची जबाबदारी संपत नाही. फक्त कंपनीच्या तिजोरीऐवजी ती एका माणसाच्या खिशावर येते, आणि तो खिसा बहुधा रिकामा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. आता हे पाहा: २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये आहे आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६. पहिल्या वेळचा दंड हप्त्याहून कमी आणि सापडण्याची शक्यता थोडी, म्हणून लोक विमा टाळतात. हा दंड हप्त्याच्या कित्येक पट असायला हवा, असं मला मनापासून वाटतं, कारण त्या वाचवलेल्या दोन हजारांची किंमत शेवटी रस्त्यावरचा कुणी तरी तिसराच माणूस मोजतो.

अपघातानंतर आधी माणसं, मग पत्रा. कुणाला लागलं असेल तर १०८ किंवा ११२ फिरवा. मान दुखते आहे का, हे मागच्या सीटवरच्यांना आवर्जून विचारा. मागून बसलेल्या धक्क्यात मानेला झटका बसतो आणि तो कित्येकदा दुसऱ्या दिवशी जाणवतो. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोखरहित उपचार योजना लागू आहे. तीत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. धडक देणाऱ्याचा विमा नसला तरी जखमीला ही मदत आहे.

मग मोबाइल काढा. गाड्या हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्या: दोन्ही नंबरप्लेट, रस्ता, सिग्नल, चाकांच्या खुणा, समोरच्याचं लायसन्स आणि आरसी. पुढच्या टेम्पोचे आणि त्याला लागलेल्या माराचेही घ्या, कारण उद्या टेम्पोवाला तुमच्याकडे बोट दाखवू शकतो. साक्षीला थांबायला तयार असलेल्या एखाद्या दुकानदाराचा नंबर लिहून ठेवा. एम-परिवहन ॲपवर समोरच्या गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. तोंडी "विमा नाही" यावर विसंबू नका. कधी विमा असतो, पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, जाईल या धास्तीनं माणूस नाही म्हणतो. ती धास्ती फुकाची आहे, कारण थर्ड पार्टी दाव्यानं बोनस जात नाही. हे तिथंच शांतपणे सांगितलं तर पुष्कळदा पॉलिसी बाहेर येते.

गाडी चालू करण्याआधी बोनेट उघडा. पुढच्या भागाला धक्का बसला की आधी एसीचा कंडेन्सर दबतो आणि त्याच्या मागचा रेडिएटर फुटू शकतो. गाडीखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकत असेल तर ते कूलंट आहे. ते गळत असताना "गॅरेज जवळच आहे" म्हणून गाडी दामटली तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात पोचतं. हे वाढीव नुकसान विमा कंपनी देत नाही. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर त्यातून वाढलेल्या बिघाडाची जोखीम मालकाची, अशी अट पॉलिसीत स्पष्ट असते. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून बिघडवणाऱ्यांचे दावे याच कारणानं अडतात. म्हणून टो करणारी गाडी बोलवा. बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत टोचा थोडा खर्च धरलेला असतो.

आता ती "मिटवून टाकू"ची गोष्ट. बंपरला नुसता ओरखडा असेल आणि समोरचा जागेवर पैसे देत असेल, तर मिटवण्यात वावगं नाही. पण डिकी आत गेली असेल तर रस्त्यावर कुणालाही खर्चाचा अंदाज येत नाही. डिकीखालचा पत्रा दबला आहे का, स्टेपनीच्या खाचेला चीर गेली आहे का, हे गाडी उचलल्याशिवाय कळत नाही. पाच हजार घेऊन "माझी तक्रार नाही" असं लिहून दिलंत आणि बिल चाळीस हजार झालं, तर तुमची स्वतःची कंपनीही हात वर करू शकते. कारण तुम्हाला भरपाई दिल्यावर ती रक्कम दोषी माणसाकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तो हक्क तुम्ही आधीच लिहून सोडलेला असतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कसलीही कबुली वा तडजोड करायची नाही, असं पॉलिसीतच छापलेलं असतं.

त्यामुळे पोलिसांत जा. कुणाला लागलं असेल तर गुन्हा नोंदवला जायलाच हवा. अपघात करणाऱ्या चालकानं २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं कलम १३४ नं बंधनकारक आहे. नुसत्या पत्र्याच्या नुकसानीत ठाण्यातला हवालदार "कशाला भानगड" म्हणेल. तरी लेखी अर्ज द्या, त्यात समोरच्या गाडीचा विमा नसल्याचं ठळक लिहा, आणि पोच असलेली प्रत जपून ठेवा. पुढच्या सगळ्या वसुलीचा पाया तो कागद आहे.

यानंतर तुमची स्वतःची पॉलिसी. ती नुसती थर्ड पार्टी असेल, तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी कंपनीकडून एक पैसाही मिळणार नाही, चूक कुणाचीही असो. ओन डॅमेज असेल, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात तो, तर क्लेम टाकता येतो. त्याच दिवशी कंपनीला कळवा, गाडी गॅरेजात न्या, इस्टिमेट घ्या, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही खोलू देऊ नका. गाडीला जे लागलं आणि तुम्ही जे सांगितलं ते जुळतं का, हेच तो पाहतो. चालवणाऱ्याचं लायसन्स चालू नसेल तर क्लेम तिथंच अडतो.

"फुल इन्शुरन्स आहे म्हणजे सगळं मिळेल" हा समज बिलाच्या दिवशी फार दुखावतो, म्हणून हिशेब नीट पाहू. समजा गाडी सहा वर्षांची आहे, १,२०० सीसीची, आणि झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नाही. पुढचा मार बाजूला ठेवून फक्त मागचं बिल धरू: बंपर ८,००० रुपये, डिकीचं झाकण १०,०००, मागची काच ६,०००, मजुरी ६,००० आणि रंगकाम ८,०००. एकूण ३८,०००. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे ४,००० गेले. धातूच्या भागावरचा घसारा गाडीच्या वयानुसार चढतो: पहिले सहा महिने काही नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहापुढे ५०. तेव्हा झाकणाचेही ४,००० गेले. काचेवर कपात नाही, मजुरीवर नाही. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,०००. शेवटी सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढच्या गाडीला २,०००. असे १०,००० तुमच्या खिशातून आणि २८,००० कंपनीकडून. झीरो डेप असतं तर घसाऱ्याचे ९,००० वाचले असते. नव्या गाडीला ते सहज मिळतं. गाडी जुनी होत गेली की कंपन्या हात आखडता घेतात, म्हणून मिळतंय तोवर घ्यावं.

आता क्लेम टाकावाच का, हा खरा प्रश्न. चूक तुमची नसली तरी ओन डॅमेजचा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. सलग बिनाक्लेम वर्षांनी तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. समजा सवलतीआधीचा ओन डॅमेज हप्ता १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात, म्हणजे ५,००० भरता. क्लेमनंतर पुढच्या नूतनीकरणाला पूर्ण १०,००० भराल, मग ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५००, आणि त्यानंतर पुन्हा ५,०००. मूळ हप्ता तोच धरला तर पाच वर्षांत १२,५०० रुपये जास्त जातात. २८,००० मिळणार असतील तर क्लेम फायद्याचाच. पण कंपनीकडून हाती पडणारी रक्कम दहा-बारा हजारांच्या आत असेल, तर खिशातून दुरुस्त करणं शहाणपणाचं.

राहिलेली वसुली दोषी माणसाकडून. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दुखापतीचा दावा करता येतोच, मालमत्तेच्या नुकसानीचाही करता येतो. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही राहता तिथं किंवा समोरचा राहतो तिथं अर्ज देता येतो, आणि तो सहा महिन्यांच्या आत दिलेला बरा. कंपनीनं दिलेले पैसे पुन्हा मागता येत नाहीत, पण तुमच्या खिशातले १०,००० मागता येतात. इतक्या रकमेसाठी वकील लावणं परवडत नाही, हे खरं आहे. अशा वेळी वकिलाची एक नोटीस आणि पोलिसांतल्या अर्जाची प्रत यावर बरेच जण पैसे आणून देतात. दुखापत गंभीर असेल तर मात्र मागे हटू नका. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात, आणि विमा नसेल तर ते गाडीच्या मालकानं द्यायचे असतात. विमा नसलेली गाडी मृत्यू वा दुखापतीच्या अपघातात सापडली तर मालकानं पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण न आल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, अशा नियमाचा आग्रह सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सर्व राज्यांना केला आहे. पोलिसांकडे आणि न्यायालयात हा मुद्दा तुमच्या वकिलानं स्वतःहून मांडायला हवा.

"गाडी मित्राची आहे" याचंही उत्तर कायद्यात आहे. आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. गाडी विकली, पैसे घेतले, चावी दिली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावरच राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितलं. जुनी स्कूटर गावाकडच्या कुणाला देऊन टाकलेल्यांनी, मोटार दलालाच्या हवाली केलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देऊ नका. हस्तांतर झालं का, ते नंबर टाकून स्वतः तपासा.

कंपनीनं तुमचा क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. एक महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

गॅरेजातून गाडी घेताना डिकीवर पाइपनं पाणी मारून पाहा. स्टेपनीच्या खाचेत पाणी उतरलं तर सील नीट बसलेलं नाही, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथं गंज धरेल. दोन्ही ब्रेकलाइट लागतात का हे कुणाला तरी मागे उभं करून बघा, आणि दर महिन्याला बघत जा. बंद ब्रेकलाइट हा मागून धडकणाऱ्याला मिळालेला आयता मुद्दा असतो.

शेवटी तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या दोन तारखा. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचा असतो. वाहतूक पोलिसानं पाहिलं तर विमा चालू दिसतो, ॲपवर चालू दिसतो, आणि तुमची डिकी आत जाते त्या दिवशी कळतं की ओन डॅमेज विमा वर्षभरापूर्वीच संपला आहे. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनसही जातो, आणि नवी पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर या दोन्ही तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्यातली ओन डॅमेजची तारीख फोनच्या कॅलेंडरात महिनाभर आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.