थंडी आडवी येत नाही

कडाक्याच्या थंडीत हीट पंप चालत नाही, ही समजूत युरोप-अमेरिकेत अजून घट्ट आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. युरोपात घरांच्या प्रमाणात हे पंप सर्वाधिक बसले ते नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये, म्हणजे जिथे हिवाळा सगळ्यांत कडक तिथेच. नॉर्वेत तर निम्म्याहून जास्त घरांत ते आहेत. ब्रिटनचा हिवाळा त्या मानाने कितीतरी सौम्य, पण तिथली बहुतेक घरं अजून गॅसच्या बॉयलरवर तापतात. तेव्हा अडचण थंडीची नाही, विजेच्या दराची आणि धोरणाची आहे.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत आणतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीत सोडतो, तसाच हा. उणे 15 अंशांची हवा माणसाला गोठवते. पण पंपातला आर-32 वायू द्रवरूपात असताना उणे 52 अंशांच्या आसपासच उकळू लागतो, त्यामुळे त्या हवेतूनही तो उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि ती ऊब घरात सोडली जाते. बाहेरच्या नळ्यांवर हिम साचलं, की यंत्र काही मिनिटं उलटं चालून ते वितळवतं. एरवी एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. पारा उणे 20 पर्यंत उतरला की हे प्रमाण दोनच्या आसपास घसरतं, हे खरं. पण साध्या हीटरमधून एका युनिटला एकच युनिट मिळतं.

वीजही गॅस जाळूनच होत असेल तर काय साधलं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हिशेब मांडून पाहावा. शंभर युनिट गॅसमधून चांगलं वीजकेंद्र सुमारे 50 युनिट वीज देतं आणि तिच्यावर पंप घरात 150 युनिट उष्णता पोहोचवतो. तारांमधली गळती वजा केली तरी बॉयलरच्या 90 पेक्षा ती बरीच जास्त भरते. खरी मेख बिलात आहे. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग पडत आलं आहे. पंपाने तिप्पट उष्णता दिली तरी घरमालकाच्या खिशाला चाटच. अशा वेळी 7,500 पौंडांचं अनुदान पुढे करून दर महिन्याचा तोटा सोसायला सांगणं अन्यायाचं आहे. स्वीडनने 1991 मध्येच कार्बन कर लावून तेल महाग केलं. नॉर्वेत धरणांची वीज मुबलक होतीच, शिवाय 2020 पासून घरं तापवायला खनिज तेल जाळण्यावर बंदी आली. ब्रिटनने पर्यावरण योजनांचा खर्च मात्र वर्षानुवर्षं गॅसपेक्षा विजेच्या बिलावरच जास्त लादला. पंपांची जाहिरात करण्याआधी तो पूर्णपणे तिथून काढायला हवा.