लाटेक प्रणालीतील जुन्या साहाय्यक फाइली व अक्षरजुळणीतील त्रुटी

प्रस्तावना
डोनाल्ड नुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीवर आधारित 'लाटेक' ही प्रणाली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. शोधप्रबंधांसाठी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. मूळ मजकूर निर्दोष असूनही त्रुटीसंदेश येणे, हा अनेक संशोधकांना गोंधळात टाकणारा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

साहाय्यक फाइलींचे कार्य
लाटेक मजकूर क्रमाने वाचते. अनुक्रमणिका प्रारंभी छापावयाची असते. प्रकरणांचे पृष्ठांक मात्र नंतर निश्चित होतात. म्हणून शीर्षके, पृष्ठांक व संदर्भखुणा 'ऑक्स' फाइलीत नोंदविल्या जातात. त्या नोंदींवरून फेरीच्या अखेरीस 'टॉक' ही अनुक्रमणिकेची फाइल तयार होते व पुढील फेरीत वाचली जाते. अर्थात प्रत्येक फेरी मागील फेरीच्या नोंदींवर विसंबून असते.

त्रुटीची कारणे
उदाहरणादाखल दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी जंक्शनवरील प्रबंधाची कल्पना करता येईल. सोलापूरकडून येणाऱ्या लोहमार्गाला येथे वाडीकडे व विजयपूर-गदगकडे असे दोन फाटे फुटतात. प्रबंधात या प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जुना मसुदा फ्रान्स वेल्थुइस यांच्या १९९१ मधील 'देवनाग' व्यवस्थेत, रोमन लिप्यंतराने लिहिलेला आहे. पुढे तोच मजकूर युनिकोड देवनागरीत आणून जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'वर घेतला व जुने पॅकेज काढून टाकले. मूळ फाइल शुद्ध झाली. परंतु त्याच नावाच्या 'टॉक' फाइलीतील शीर्षकांत जुन्या पॅकेजच्या आज्ञा शिल्लक राहिल्या. त्या वाचताच 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' हा संदेश येतो. वीज गेल्यामुळे अथवा त्रुटीमुळे फेरी मध्येच थांबल्यास 'ऑक्स' फाइल अपूर्ण राहते व पुढील फेरीतही अडथळा येतो.

निदान व उपाय
'लॉग' फाइलीत त्रुटी कोणत्या फाइलीत आढळली, हे प्रथम पाहावे. ती 'ऑक्स' वा 'टॉक' असल्यास मूळ मजकुरात बदल करू नये. साहाय्यक फाइली काढून टाकाव्यात व अनुक्रमणिका आणि संदर्भ स्थिर होईपर्यंत पुन्हा फेऱ्या कराव्यात. 'लाटेकएमके' या साधनाने ही स्वच्छता एका आज्ञेत होते. मूळ मजकूर, चित्रे व संदर्भसूचीची 'बिब' फाइल मात्र जपावी.

निष्कर्ष
कारण न समजल्यास संशोधक योग्य परिच्छेदच सदोष समजून वगळण्याचा संभव असतो. याहून घातक म्हणजे त्रुटीसंदेश न येता जुनेच पृष्ठांक अनुक्रमणिकेत राहणे. ही चूक परीक्षकांच्या हाती प्रबंध पोहोचल्यावरच लक्षात येते. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वीची अंतिम प्रत सर्व साहाय्यक फाइली काढून नव्याने तयार करणे आवश्यक ठरते.