मिनियापोलिसचे सहा हिवाळे

२०१३च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा बॅगेत तीन स्वेटर, एक शाल आणि पुण्यात घेतलेलं जाडजूड जॅकेट होतं. साताऱ्याच्या थंडीत वाढलेली मी. एवढं पुरेल याची खात्री होती. त्या हिवाळ्यात मिनियापोलिसचा पारा पन्नासएक दिवस शून्य फॅरनहाइटखाली, म्हणजे उणे १८ सेल्सियसच्याही खाली उतरला. ६ जानेवारी २०१४ला तर राज्यपालांनी राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी मिसिसिपीवरचा वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यू पूल पायी ओलांडला. पुलावर मधोमध बंदिस्त वाट आहे, पण ती संपली की वारा गाठतोच. जॅकेट कमरेपर्यंत, खाली नुसती जीन्स. खोलीवर पोचले तेव्हा मांड्या लालबुंद आणि बधिर झाल्या होत्या. ऊब लागल्यावर अशी खाज सुटली की रडू आलं. शेजारी राहणाऱ्या नागपूरच्या ताईने माझे सगळे कपडे पलंगावर मांडायला लावले, एकेकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, आतलं सगळं सुतीच आणलंस की! सुती कपडा घाम पितो आणि ओलाच राहतो. तू रोज ओल्या अंगाने बाहेर पडतेयस."

मग तिने थर समजावले: अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं, गुडघ्यापर्यंतचं पिसांचं जॅकेट. खरी ऊब या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची. आजी गोधडीत जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालायची, ते मला तिथे, त्या पलंगाशी उभी असताना उमगलं. आईने विणलेला स्वेटर मी बाजूला टाकला होता, कारण त्यातून वारा आरपार जायचा. जॅकेटच्या आत घातल्यावर तोच सगळ्यात उबदार ठरला. सैल विणीत हवा साठते, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही.

बुटांबाबत मी आणखी एक हिवाळा चुकले. दोन जाड मोजे चढवून नेहमीच्याच मापाचे बूट घातले की पाय आवळले जातात, रक्त फिरत नाही, बोटं आधी गारठतात. एक माप मोठा बूट घ्यायला हवा. हातमोज्यांतही बोटं वेगवेगळी नकोत. चारही बोटं एकाच पिशवीत असली की एकमेकांना ऊब देतात.

२०१४च्या जूनमध्ये पुलावरून ग्रीन लाइन या शहरी रेल्वेची गाडी धावू लागली, आणि इमारती जोडणारे भुयारी रस्तेही एव्हाना पाठ झाले होते. पण आतली उष्णता वेगळंच शिकवते. वर्गात पाच मिनिटांत घाम फुटतो, तो घेऊन बाहेर पडलं की गारठा हाडात शिरतो. म्हणून दारातच चेन उघडायची, टोपी काढायची, आळस करायचा नाही. आपल्याकडून जाणाऱ्या मुलांना व्हिसा, विमा, फी सगळं समजावून सांगतात. कपड्यांबद्दल मात्र 'गरम कपडे घे' एवढंच. ज्याने असा हिवाळा पाहिलेला नाही त्याला त्यातून काहीही कळत नाही, आणि याची मला आजही चीड येते.

३० जानेवारी २०१९, बुधवार. पारा उणे ३३ सेल्सियस, वारा धरून उणे ४८. विद्यापीठाने वर्ग रद्द केले होते. प्रयोगशाळेतलं एक काम मात्र टाळता येण्याजोगं नव्हतं. वीस मिनिटं चालले. पापण्यांवर दंव धरलं, मफलर श्वासाने कडक झाला, पायाखालचा बर्फ कुरकुरत होता. अंग मात्र शेवटपर्यंत गरम राहिलं. आत जाऊन पहिला फोन ताईला केला; ती तेव्हा टेक्सासात होती.

त्या ऑगस्टात परत निघताना जॅकेट कोल्हापूरहून नुकत्याच आलेल्या मुलीला दिलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, तरी तिला ते घालायला लावलं आणि आत स्वेटर मावतो का ते चाचपून पाहिलं. बूट तिला लहान पडले. ते माझ्याबरोबर साताऱ्याला आले, माळ्यावर आहेत.