जोशांद्यातलं जांभळं फूल

हैदराबादेत सर्दी झाली की कुणीतरी जोशांदा सुचवतंच. पुडी उघडून बघा. ज्येष्ठमध लगेच ओळखू येतं, लाल सुकं बोर म्हणजे उन्नाब, सपिस्ताँ म्हणजे आपलं लोणच्याचं भोकर. आणि चुरगळलेली, रंग उडालेली जांभळी फुलं म्हणजे गुल-ए-बनफशा. इंग्रजी कवितेत ‘व्हायोलेट’ आलं की आपण समासात ‘एक फूल’ लिहून पुढे जातो ना, तेच हे.

मूळचं सुगंधी व्हायोलेट युरोप आणि पश्चिम आशियातलं. वीतभरही उंची नाही, पानं हृदयाच्या आकाराची. जमिनीसरशी धावणारे फुटवे मुळं धरत जातात आणि सावलीत हळूहळू गालिचा होतो. वास मात्र लबाड! त्यातलं आयोनोन हे द्रव्य नाकाला थोडा वेळ बधिर करतं, म्हणून सुगंध येतो, जातो, परत येतो.

गंमत पुढे आहे. वसंतातली देखणी फुलं सरली की उन्हाळ्यात पानांखाली बंद कळ्या येतात. त्या उमलतच नाहीत; आतल्या आत परागण होऊन बी धरतं. बियांना तेलकट टोक असतं. मुंग्या त्यासाठी बी वारुळात नेतात, टोक खातात आणि बी टाकून देतात. झाली पेरणी!

फुलं आणि कोवळी पानं खाता येतात. पानं भेंडीसारखी थोडी बुळबुळीत, त्यामुळे सूप दाट होतं. फ्रान्सच्या तुलूझ शहरात साखरेचा थर चढवलेली व्हायोलेटची फुलं प्रसिद्ध आहेत. सरबतासाठी पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायचं, गाळून साखर घालायची. त्यात लिंबू पिळलं की निळं सरबत गुलाबी होतं. रॉबर्ट बॉइलने 1664 च्या पुस्तकात आम्ल-अल्कली ओळखायला हेच सरबत वापरलं. लिटमसची थोरली बहीणच म्हणा. मुळं आणि बिया मात्र खायच्या नाहीत, उलट्या होतात. बाल्कनीतल्या कुंडीतलं ‘आफ्रिकन व्हायोलेट’ तर या कुळातलंच नाही, ते तोंडात घालू नका.

आपल्या दख्खनच्या उन्हात बनफशा जगत नाही. भारतात तिचे भाऊबंद हिमालयात, मधल्या उंचीवरच्या ओलसर सावलीत उगवतात आणि तिथले गावकरी ते गोळा करून विकतात. नुसती फुलं खुडली तर रोप टिकतं, बंद कळ्यांतून बीही धरतं. पण फुलं वेचणं फार किचकट. चिमूटभर वजनाला केवढी तरी लागतात. रोप मुळासकट उपटलं की काम पटकन होतं, आणि तसा मालही बाजारात खपतो. मग बी नाही, फुटवे नाहीत, मुंग्यांना काम नाही. काही ठिकाणी बनफशा विरळ होत चालली आहे ती यामुळेच.

म्हणून सुटी बनफशा घेताना मूठ उघडून बघा. नुसती फुलं असतील तर ठीक. पानं आणि बारीक मुळंही दिसली, तर दुकानदाराला निवडलेली फुलं मागा. भाव थोडा जास्त पडेल.