चॅटबॉटच्या कानी कंपनीची गुपिते

सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागातील काही कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या पूर्वार्धात एक सोपा मार्ग शोधला. आज्ञावलीतील चूक सापडेना, म्हणून ती आज्ञावलीच त्यांनी 'चॅटजीपीटी'ला देऊन टाकली. एकाने तर बैठकीचा वृत्तान्त लिहून घेण्यासाठी बैठकीतील संभाषणच पुरवले. मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. काम लवकर उरकावे, एवढाच सर्वांचा हेतू होता. मात्र बाहेर गेलेला मजकूर परत आणण्याचा मार्ग कंपनीच्या हाती उरला नव्हता.

त्यानंतर 'सुरक्षित' हे विशेषण प्रत्येक विक्रेत्याच्या जाहिरातीत झळकू लागले. प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या दोन सेवांमध्येही मोठे अंतर असते. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यातील संभाषण, वापरकर्त्याने नकार नोंदवला नसेल तर, प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकते. व्यावसायिक खात्यातील मजकूर मात्र मुळातच त्यातून वगळलेला असतो. क्लॉड, जेमिनी आणि मायक्रोसॉफ्ट कोपायलट यांच्या व्यावसायिक सेवांचेही आश्वासन तेच आहे. त्यामुळे खरी तुलना त्यापुढे सुरू होते.

मजकूर किती काळ साठवला जातो? न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला वापरकर्त्यांनी पुसलेली संभाषणेही जपून ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबरपर्यंत तो लागू होता. एंटरप्राइझ ग्राहक आणि काहीही न साठवण्याचा करार केलेले ग्राहक त्यातून सुटले. 'डिलीट'चे बटण कराराइतके भक्कम नसते, ते असे.

कोपायलटचा प्रश्न वेगळाच आहे. कर्मचाऱ्याला जे पाहण्याची परवानगी आहे, तेवढेच तो शोधून देतो. पण कार्यालयांत परवानग्या कोण नीट लावतो? पगाराचा तक्ता सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतो आणि कोणाला सापडत नाही, म्हणूनच तो गुप्त राहतो. विचारताक्षणी शोधून देणारा मदतनीस आला की हा आडोसा संपतो. शिवाय जून २०२५ मध्ये उघड झालेल्या 'इकोलीक' त्रुटीने दाखवले, की ई-मेलमध्ये दडवलेल्या सूचनांनी कोपायलटकडून माहिती बाहेर काढता येऊ शकते. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली. कोणत्याही ग्राहकाला झळ पोहोचली नसल्याचेही कंपनीने सांगितले.

लामा किंवा मिस्ट्रलसारखे खुले प्रारूप स्वतःच्या सर्व्हरवर बसवले तर मजकूर आवाराबाहेर जात नाही. मात्र महागडी यंत्रे, जाणकार माणसे आणि राखणदारी, सारेच अंगावर येते. लहान उद्योगाला हे क्वचितच परवडते.

भारतातील व्यावसायिकांना आता कायद्याचाही विचार करावा लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकांची माहिती चॅटबॉट पुरवणाऱ्या कंपनीकडून फुटली, तरी उत्तर द्यावे लागेल ते ती माहिती गोळा करून पुढे सोपवणाऱ्या संस्थेलाच.