‘प्रचंड’ : उंचावरील लढाऊ हेलिकॉप्टरची वाटचाल

१९९९ साली कारगिलच्या शिखरांवर घुसखोरांविरुद्ध कारवाई सुरू झाली, तेव्हा आपल्या सैन्यदलांना एक उणीव तीव्रतेने जाणवली. एवढ्या उंचीवर परिणामकारक मारा करू शकेल असे लढाऊ हेलिकॉप्टर देशापाशी नव्हते. २८ मे १९९९ रोजी मूलतः वाहतुकीसाठी असलेले एक एमआय-१७ हेलिकॉप्टर शत्रूने पाडले व त्यातील चारही वायुसैनिकांना वीरमरण आले.

ही अडचण निसर्गनियमांतून उद्भवते. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे फिरत्या पात्यांची उचलण्याची शक्ती घटते आणि इंजिनाचा जोरही मंदावतो. उलट शस्त्रे, चिलखत व इंधन यांनी वजन वाढत जाते. या दोहोंचा मेळ घालणे ही आरेखनकारांची खरी कसोटी होय.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या प्रकल्पास शासनाने २००६ साली मान्यता दिली. ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या आरेखनाचा आधार घेऊन, एकामागे एक बसणाऱ्या दोन वैमानिकांसाठी अरुंद सांगाडा योजण्यात आला. फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेली दोन ‘शक्ती’ इंजिने त्यास बसविण्यात आली. २९ मार्च २०१० रोजी पहिले उड्डाण झाले. तथापि वजन कमी करण्याचे काम त्यानंतरच्या नमुन्यांतही चालू ठेवावे लागले. २०१५ साली लेहच्या थंडीत, जोधपूरच्या उन्हाळ्यात आणि सियाचीनच्या उंचीवर चाचण्या पार पडल्या.

यंत्र सिद्ध झाले, तरी खरेदीचा टप्पा शिल्लक होता. ३,८८७ कोटी रुपयांच्या पहिल्या १५ हेलिकॉप्टरांना मार्च २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ‘प्रचंड’ या नावाने ते वायुदलात दाखल झाले. पुढे २८ मार्च २०२५ रोजी १५६ हेलिकॉप्टरांसाठी सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचे करार झाले; त्यांपैकी ९० भूदलासाठी व ६६ वायुदलासाठी आहेत. मात्र करारानुसार पुरवठ्यास तिसऱ्या वर्षापासून प्रारंभ व्हावयाचा आहे.

कारगिलमध्ये भासलेली गरज भागण्यास प्रारंभ होईपर्यंत २३ वर्षे लोटली. पहिल्या उड्डाणानंतरचाच काळ १२ वर्षांचा आहे. संरक्षण सामग्रीत स्वावलंबन साधावयाचे, तर संशोधन, चाचण्या, मंजुरी व उत्पादन या चारही टप्प्यांचे नियोजन प्रारंभापासून एकत्रितपणे होणे अगत्याचे आहे. कारण या विलंबाची झळ अखेर सीमेवरील जवानास सोसावी लागते.